राजवैद्याच्या लेकीचे दान

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. हत्तींची रांग पाहून आपण थक्क होतो. दगडावरच्या ब्राह्मी अक्षरांकडे मात्र कोणी वळत नाही. मीही दोनदा तशीच परतले. तिसऱ्या खेपेस सरांनी त्या लेखांची वाचने बरोबर आणली होती. त्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक कुटुंब भेटले. राजवैद्य मगिल, त्याचा मुलगा दतक आणि मुलगी दता. तिघांनीही दान दिले आणि तिघांचीही नावे कोरली गेली.

मगिल स्वतःला ‘वच्छीपुत’ म्हणवतो. म्हणजे वात्सी गोत्राच्या आईचा मुलगा. पुढे सातवाहन राजेही गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावे लावीत. यावरून त्या काळी मातृसत्ता होती, असे मात्र कोणी समजू नये. गादी बापाकडून मुलाकडेच जाई आणि ‘वात्सी’ हे आईच्या माहेरचे गोत्र, तिचे स्वतःचे नाव नव्हे.

त्याच सुमारास रोममध्ये काय होते? तेथे मुलीस बापाच्या कुळाचेच नाव मिळे. सेनापती सिपिओच्या दोन्ही मुली कॉर्नेलियाच. एक थोरली, एक धाकटी. बाप वारल्यावरही मोठे व्यवहार करण्यास स्त्रीला पालकाची संमती लागे. पुढे ऑगस्टसच्या कायद्यांनी तीन मुलांच्या स्वतंत्र मातेस त्यातून मोकळे केले. तरीही पॉम्पेईच्या युमाकिया या पुजारिणीने भर चौकात भव्य इमारत बांधून तीवर आपले नाव घातले.

मला वाटते, खरी खूण येथे आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे ‘बलश्री’ हे नाव आपणांस ठाऊक आहे, ते तिने नाशिकचे लेणे दान दिले म्हणून. ज्या स्त्रीच्या हाती देण्याजोगे काही होते, तिचे स्वतःचे नाव उरले. दतेच्या आईचे नाव त्या लेखांत कोठेच नाही.

आज १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर आईचे नाव लागते, आणि तेही तिचे स्वतःचे. ही आनंदाची गोष्ट होय. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्कही दिला आहे. परंतु गेल्या वर्षी माझ्या आत्याने आमच्या शेतावरचा आपला हक्क सोडला. हक्कसोडपत्रावर तिचे नाव ठळक छापले होते. सही झाल्यावर तिला साडीचोळी झाली. “माहेर तुटू नये, बाई,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी मी गप्प राहिले. साडीची घडी मीच घातली होती.

दतेनेही दिले आणि आत्यानेही दिले. दतेचे दान मात्र तिच्या नावाने दगडावर राहिले. आत्याचे नाव त्या कागदावर आले आणि सातबाऱ्यावरून गेले. मैत्रिणींनो, उद्या असा कागद आपल्यापुढे येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी पितळखोऱ्याची ती अक्षरे एकवार आठवावीत.