झिजलेल्या दगडाचा हिशेब

घरातला जुना विळा वर्षानुवर्षं धार लावून लावून अरुंद होतो. पण तो नवा असताना पाहिलाच नसेल, तर किती झिजला हे कसं सांगणार?

फ्रान्समधल्या निअँडरथलांच्या दगडी तासण्यांपुढे पुरातत्त्वज्ञांना हाच प्रश्न पडला. फ्रांस्वा बोर्द यांनी त्या काळच्या हत्यारांचे ६३ प्रकार पाडले होते. १९८७ मध्ये हॅरल्ड डिबल यांनी मांडलं, की तासण्यांचे बरेच प्रकार म्हणजे एकाच हत्याराच्या झिजेच्या पायऱ्या आहेत. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. पण मग झीज मोजायला हवी!

ती युक्ती १९९० मध्ये स्टीव्हन कून यांनी दिली. तासणी म्हणजे दगडाचा छिलका. त्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. कड बोथट झाली की बारीक कपच्या उडवून नवी धार काढायची. दर खेपेला कपच्यांचे व्रण फुगीर पाठीवर वर सरकतात. व्रणांच्या वरच्या टोकाची सपाट बाजूपासूनची उंची मोजायची आणि तिला छिलक्याच्या कमाल जाडीने भागायचं. उंची ६ मिलिमीटर, जाडी ८, तर उत्तर ०.७५. उत्तर जितकं एकाजवळ, तितकी झीज जास्त.

पाठच सपाट असेल, तर मात्र उत्तर लगेच एकावर पोचतं आणि पुढची झीज लपते. २००५ मध्ये पीटर हिस्कॉक आणि ख्रिस क्लार्कसन यांनी नवे छिलके झिजवून त्यांची वजनातली घट तपासली. कून यांचं माप तिच्याशी चांगलं जुळलं.