गायीचं पोट काचेच्या नळीत!

मेसचं जेवण पचलं नाही की आपण बोंब मारतो. गाय बिचारी काय बोलणार? लसूणघास तिला किती पचला, हे कळण्यासाठी १९६३ साली इंग्लंडमध्ये टिली आणि टेरी यांनी एक पद्धत मांडली.

अर्धा ग्रॅम वाळवून दळलेला चारा नळीत घ्यायचा. त्यात रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला रस आणि बफर घालून ३८ अंशांवर ४८ तास ठेवायचं. हवा लागू द्यायची नाही, कारण रसातले जंतू ऑक्सिजनने मरतात. मग आम्ल-पेप्सिनमध्ये आणखी ४८ तास. रसाचा स्वतःचा गाळ वजा करून ०.२ ग्रॅम उरलं, तर ६० टक्के पचलं.

आमचे आजोबा भारा मोठा व्हावा म्हणून घास जून होऊ देतात. पण जून दांड्यात लिग्निन वाढतं, पचन घटतं. या सुट्टीत त्यांना सांगणार आहे, फुलं दिसू लागली की कापा!