आम्लता आणि हृदयाला बळ देणारी औषधे

निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तो त्याखाली घसरण्याला अॅसिडोसिस, म्हणजे रक्तातील आम्लता वाढणे, म्हणतात. सुरुवातीला शरीर स्वतःचे अॅड्रेनॅलिन ओतून हृदयाला सावरते. पीएच 7.2 च्या खाली गेला की हे सावरणे कमी पडू लागते, आणि बाहेरून दिलेल्या औषधांचा जोरही ओसरतो.

1880 मध्ये वॉल्टर गॅस्केल यांनी बेडकाच्या हृदयावर सौम्य आम्लाचा प्रयोग करून हृदयाचे स्नायू त्याने शिथिल पडतात हे दाखवले. कारण पुढे उलगडले. स्नायूपेशीत कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटले की तंतू आकुंचन पावतात. आम्लतेत हायड्रोजन आयन या जोडणीत अडथळा आणतात. कॅल्शियम पूर्वीइतकेच असते, पण तंतू त्याला कमी दाद देतात.

अॅड्रेनॅलिन आणि डोब्युटामाइन ही औषधे पेशीवरच्या बीटा ग्राहकांमार्फत आतले कॅल्शियम वाढवतात. आम्लतेत हे ग्राहकच मंदावतात. म्हणजे औषधाची पहिली (ग्राहक) आणि शेवटची (तंतू), दोन्ही पायऱ्या ढिल्या होतात. मिलरिनोन हे औषध ग्राहकांना वगळून काम करते, तरी शेवटची पायरी त्यालाही चुकत नाही. डिगॉक्सिन या औषधाचा धोका वेगळा आहे. आम्लता झपाट्याने उतरवली की पोटॅशियम रक्तातून पेशीत शिरते आणि कमी पोटॅशियममध्ये डिगॉक्सिन विषारी ठरू शकते.

कोकणात या विषयाचे ठळक उदाहरण आहे ते लाल विंचवाचे. त्याच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. हृदय थकते, फुफ्फुसात पाणी साचते, ऊतींना प्राणवायू अपुरा पडून लॅक्टिक आम्ल वाढते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्राझोसिनच्या उपचाराची मांडणी केली. हे औषध आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवते. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र डोब्युटामाइनची गरज पडते, आणि नेमकी तिथेच आम्लता आडवी येते. मुंबईत परळला, सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी विंचवाच्या विषाने होणाऱ्या हृदयविकाराचा आणि त्यातील इन्शुलिनच्या भूमिकेचा अभ्यास केला. विंचूदंशावरचे प्रतिविषही परळच्याच हाफकिन संस्थेने तयार केले आहे.

मग आम्लता सोडाबायकार्बने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने, उतरवावी का? उत्तर सरळ नाही. बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पेशीत सहज शिरतो आणि श्वास पुरेसा नसेल तर आतली आम्लता वाढवतो. रक्तातले मुक्त कॅल्शियमही घटते. 2018 मध्ये फ्रान्समधील अतिदक्षता विभागांत पीएच 7.20 किंवा त्याखाली असलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत बायकार्बोनेटने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. मूत्रपिंडाला गंभीर इजा झालेल्यांत मात्र फायदा दिसला. म्हणून आम्लतेत औषधाचा डोस चढवत राहणे हा अपुरा उपचार आहे. प्राणवायू, रक्तपुरवठा आणि मूळ विष किंवा जंतुसंसर्ग यांकडे आधी पाहणे हाच खरा उपचार.

दिवाळीत गावी गेल्यावर कुणाला विंचू चावला आणि दरदरून घाम, थंड हातपाय वा उलट्या दिसल्या, तर मंत्र-जडीबुटीत वेळ न घालवता जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र तत्काळ गाठावे.