सीआरपी किती आला?

मे २०२१. आठ वर्षांचा भाचा चार दिवस तापानं फणफणलेला. डोळे लालभडक, पोटात दुखतंय, अंगावर पुरळ. ताई-भावोजींना एप्रिलमध्ये कोविड होऊन गेला होता, पण या पठ्ठ्याला साधी शिंकही आली नव्हती. पहिल्या दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ म्हणत सिरप मिळालं. आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली आणि आम्ही निवांत झालो. तिथंच फसलो!

कारण हा आजार व्हायरस गेल्यावर येतो, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना अशी मुलं दिसायला लागली. लक्षणं थेट जपानच्या डॉ. कावासाकींनी १९६७ साली नोंदवलेल्या आजारासारखी. मे महिन्यात अमेरिकेच्या सीडीसीनं त्याला नाव दिलं, एमआयएस-सी. म्हणजे काय, तर शत्रू पळाला तरी आपलं सैन्य गोळीबार थांबवत नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं. सीआरपी १८६! दहाच्या आत हवा. पण सीआरपी साध्या न्यूमोनियातही चढतो, एकट्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही. इथं फेरिटिन, डी-डायमर वर, लिम्फोसाइट्स आणि प्लेटलेट्स खाली, कोविडच्या अँटिबॉडीज पॉझिटिव्ह. डॉक्टरांचं बोट मात्र ट्रोपोनिनवर थांबलं. तो वाढला म्हणजे हृदयाच्या स्नायूला झळ पोचलेली. तोवर बीपीही उतरायला लागलं होतं. ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आयव्हीआयजी सुरू झालं. किलोमागे दोन ग्रॅम, सोबत स्टेरॉइड. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडीज त्या बाटलीत असतात. कोण कुठली माणसं, त्यांचं आम्ही काय देणं लागतो!

मी दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालणारी बाई. रिसेप्शनच्या खुर्चीत बसून शीट केली. १८६, १२०, ५४. ट्रोपोनिनचा रकाना पाचव्या दिवशी हिरवा केला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण त्यालाच का? ताई अजून विचारते. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला. तपासलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश जणांत एसएनएक्स-८ या शरीराच्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडीज सापडल्या. त्याचा एक तुकडा कोरोनाच्या प्रथिनाशी मिळताजुळता. चेहरापट्टी सारखी म्हणून घरच्याच माणसाला धरलं, असा प्रकार. भाचा त्या एक तृतीयांशात होता का, कुणी तपासलेलं नाही. बाकीच्या मुलांचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

त्याच्या इकोचे सगळे रिपोर्ट ताईच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहेत. आता त्याला ताप आला की ती थर्मामीटर शोधते आणि मला फोन लावते, “ती शीट आहे ना तुझ्याकडे?”

आहे.