हाड पायाचं, रिपोर्ट छातीचा

"म्याडम, हाड तं मायच्या पायाचं मोडलं, मंग छातीचा रिपोर्ट कायले?"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रक्त काढायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. मी चंद्रपुरात भूल देते, अधूनमधून गडचिरोलीकडच्या शिबिरांनाही जाते. रोवण्याच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून घसरलेल्या, मोहफुलं वेचायला पहाटे निघून अंधारात पडलेल्या म्हाताऱ्या आमच्याकडे येतात. खुब्याचं हाड मोडलेलं असतं. मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वैद्यकालाही गेल्या पंधरा-वीस वर्षांतच नीट सापडलं आहे.

शरीर कापलं जातं तेव्हा माणूस भुलीत असला तरी शरीराला त्याची खबर लागते. ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, नाडी धावते. रक्त गेलेलं असतं, भुलीमुळे दाब उतरलेला असतो. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या उसंतीत. नाडी १२०वर गेली की ही उसंत आखडते. म्हणजे काम वाढतं तेव्हाच पुरवठा घटतो. काहींच्या आधीच अरुंद झालेल्या धमनीत गुठळीही धरते. स्नायूच्या काही पेशी मरतात आणि त्यांच्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. ते आम्ही मोजतो.

छातीत कळ येईल तेव्हा बघू, असं म्हणून इथे चालत नाही, कारण कळ येतच नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या डॉ. देवरो यांच्या नेतृत्वाखालचा 'व्हिजन' अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेरा देशांतले, पंचेचाळिशीपुढचे २१,८४२ रुग्ण. ऑपरेशनं हृदयाची सोडून बाकीची. त्यांच्यापैकी जवळपास १८ टक्क्यांच्या हृदयाला इजा झाली होती आणि त्यातल्या ९३ टक्क्यांना हृदयाचं म्हणावं असं एकही लक्षण नव्हतं. वेदनाशामकं ऑपरेशनच्या जखमेबरोबर छातीचं दुखणंही झाकतात. बहुतेक इजा पहिल्या दोन दिवसांतच होते. त्या अभ्यासात ज्यांचं ट्रोपोनिन अगदी तळाला होतं, त्यांच्यात महिन्याभरात हजारात एखादा दगावला. ज्यांचं लिटरमागे ६५ ते १००० नॅनोग्रॅमच्या टप्प्यात होतं, त्यांच्यात शंभरात नऊ.

जंगलातली माणसं काटक, त्यांना कसला हृदयविकार, हे मी शहरातल्या डॉक्टरांकडूनही ऐकते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांतले दोन वर्षांचे मृत्यू तपासले, तेव्हा सर्वांत मोठं कारण निघालं पक्षाघात. शंभर मृत्यूंमागे चौदा. म्हणजे रक्तवाहिन्यांचा आजार इथे आहे, फक्त तो कुणी मोजलेला नसतो. त्यात हिमोग्लोबिन सात-आठ, कुठे सिकलसेल आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही वॉर्डाबाहेर पन्नीत खर्रा घोटला जातो. आजीने खाल्ला का, असं विचारलं की सगळे भिंतीकडे बघतात.

पासष्टीपुढच्या रुग्णांची ही तपासणी करावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. पण आमच्याकडे बऱ्याच जणांच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, अंदाजाने टाकलेली. मी मग विचारते, मोठी नात केवढी आहे?

नाडी धावते हाच दोष, तर नाडी कमी करणारी गोळी सगळ्यांना आधीच द्यावी, असं कुणालाही सुचेल. सुचलंही. २००८च्या 'पॉइज' चाचणीत ८,३५१ जणांवर ते करून पाहिलं. हृदयाचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. ती गोळी आधीपासून चालू असेल तर मी बंद करू देत नाही. ऑपरेशनच्या सकाळी नव्याने सुरूही करत नाही. इजा झालेल्यांना अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन दिलं जातं. २०१८च्या एका चाचणीत डाबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या औषधानेही पुढचे धोके कमी झाले. पण ताज्या टाक्यांवर रक्त पातळ करायचं की नाही, हे मी, सर्जन आणि फिजिशियन एकत्र बसून ठरवतो.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो २०२०च्या 'हिप अटॅक' चाचणीने. खुबा मोडल्याचं निदान झाल्यापासून सहा तासांत ऑपरेशन करावं की नेहमीसारखं, म्हणजे साधारण चोवीस तासांनी, असा तिचा प्रश्न होता. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. मात्र दाखल होतानाच ज्यांचं ट्रोपोनिन वाढलेलं होतं, त्यांच्यात लवकर ऑपरेशन झालेल्यांचे मृत्यू कमी होते. आता गडचिरोलीतल्या भामरागडकडे बघा. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तालुका तुटतो. म्हातारी दोन दिवस खाटेवर, लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा न पिता पडून असते. चाचणीचं घड्याळ निदानापासून सुरू होतं. तिचं हृदय त्याच्या कितीतरी आधीपासून धावत असतं. म्हणून मी पहिलं रक्त ऑपरेशनच्या आधी काढते. तो आकडा नसेल तर नंतरचा वाढलेला आकडा कधीचा, हेच कळत नाही. झटपट निकाल देणारी पट्टी मोठा झटका पकडते, बारीक इजा मात्र तिच्यातून सुटू शकते. त्यासाठी नमुना अतिसंवेदनशील चाचणीच्या यंत्रापर्यंत न्यावा लागतो.

टेबलावर माझ्या हातात असतं ते साधंच: दाब पडू न देणं, रक्त वेळेत चढवणं, अंग थंड पडू न देणं, नंतर दुखणं नीट आवरणं. सुट्टीच्या वेळी मुलाला मनगटावरची नाडी मोजायला शिकवते. बसल्या जागी शंभरावर राहिली, दम लागला, पाय सुजले, तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता १०८ला फोन करायचा, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहिते. आशाताईचा नंबरही मागून घेते आणि महिनाभर तिलाच विचारते, कारण म्हातारी फोनवर नेहमी बरीच असते.