लोखंडाभोवतीचे लाकूड

वांगणीस उल्हास नदीच्या काठी एका जुन्या विहिरीचा गाळ वैशाखात उपसला जात असता काळ्याभोर चिखलातून सागवानी तुळईचा जो तुकडा वर आला, तो प्रथमदर्शनी इतका शाबूत होता की वाकसाचे घाव अजून बोटाला लागत होते. परंतु त्यात रुतलेल्या लोखंडी खिळ्याभोवतीचे लाकूड काळेकुट्ट पडले होते, नख लावताच त्याचा भुगा होई, आणि सडक्या अंड्याचा उग्र दर्प येई. हवेवर राहताच ती काळी कड तांबूस झाली, व खिळ्यापासूनच उभ्या भेगा फुटू लागल्या.

पाण्यात निर्धास्त असलेले लाकूड हवेत येताच संकटात का पडावे, याचा थोर दाखला स्टॉकहोमच्या बंदरात आहे. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेली ‘वासा’ ही युद्धनौका १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढण्यात आली. बाल्टिक समुद्र अल्पक्षार असल्याने लाकूड पोखरणारे सागरी किडे तेथे टिकत नाहीत; आपल्या कोकणच्या उबदार, खाऱ्या पाण्यात उघडे लाकूड असे शतकानुशतके राहणे दुरापास्त. मात्र शहराच्या सांडपाण्याने तेथील प्राणवायू सरला होता, आणि जिवाणूंनी निर्माण केलेला हायड्रोजन सल्फाइड वायू लाकडात मुरून, गंजत्या खिळ्यांच्या लोहाशी संयोग पावत, गंधकाच्या नाना रूपांत साठत गेला. हा साठा सुमारे दोन टन असावा, असा पुढे अंदाज निघाला.

पेशींतले पाणी एकदम उडाल्यास लाकूड आक्रसून फाटते, म्हणून १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणचट द्रव्याचा फवारा त्यावर चालू होता. तजवीज उत्तम होती. तरीही २००० सालच्या दमट उन्हाळ्यात फळ्यांवर पिवळट-पांढरे क्षार फुलून आले आणि काही जागी सामू दोनच्याही खाली उतरलेला आढळला. गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होत होते, व लोह त्या क्रियेस उत्तेजन देत होते. याहून मला भयावह वाटते ती अंतर्भागातील क्रिया: तेथे प्राणवायूच्या संगतीने लोहच सेल्युलोजच्या साखळ्या तोडते, ऑक्झॅलिक आम्ल साचते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून निःसत्त्व होते.

जहाज सांधण्यासाठी १९६१ नंतर घातलेले पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट अलीकडे काढून तेथे न गंजणाऱ्या पोलादाचे बसविण्यात आले. लाकडात मुरलेले लोह मात्र काढता येत नाही, म्हणून संग्रहालयाची आर्द्रता बारमाही ५३ टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात ती नव्वदीपार जाते. कोकणच्या गाळातून उद्या एखादे तारू उचलायचे ठरले, तर हा बंदोबस्त ते उचलण्यापूर्वीच व्हावा, असा माझा आग्रह आहे.