विजेची व्हिक्टोरिया आणि दगडी मुंबई

मुंबईच्या दक्षिण टोकाकडील दगडी इमारती पाहण्यास आलेल्या पाहुण्याने वाहन कोणते करावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही; कारण ज्या काळी या इमारती उभ्या राहिल्या त्या काळी रस्त्याने जाणारा मनुष्य एक तर स्वतःच्या पायांनी जात असे, नाही तर घोड्याच्या, आणि कमानीवरची वेलबुट्टी काय किंवा छपराच्या कडेवरून वाकून पाहणारी पशुमुखे काय, ज्याच्या नजरेसाठी ती कोरली गेली तो प्रेक्षक दुडक्या चालीच्या गाडीत मागे रेलून बसलेला होता. मोटारीतून जाणाऱ्यास हे स्टेशन, हे हायकोर्ट, हे म्युझियम, एवढी ओळखीपुरती तोंडदेखली भेट घडते. पायी जाणाऱ्यास फेरीवाले, गर्दी आणि फुटपाथावरचे खड्डे मान वर करू देत नाहीत. म्हणूनच २०२१ सालच्या मार्च महिन्यात मुंबईत घोड्यावाचून चालणाऱ्या, बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया गाड्यांचा शुभारंभ झाला, तेव्हा पुष्कळांनी त्यांच्याकडे जत्रेतील खेळणे म्हणून पाहिले असले, तरी या शहराला त्याची जुनी, योग्य गती परत मिळण्याची ती एक संधी होती असे माझे मत आहे.

घोड्याच्या व्हिक्टोरियाचे अखेरचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे फारसे कारण नाही. चंदेरी पत्र्याने मढवलेली, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आणि रंगीत दिवे ल्यालेली ती गाडी रात्री उशिरापर्यंत ताजमहाल हॉटेलासमोर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी असे, आणि डांबरी सडकेवर नाल घसरून भेदरणाऱ्या त्या जनावराच्या बरगड्या त्या झगमगाटातही लपत नसत. अखेरीस प्राणिमित्रांच्या एका न्यासाच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी असा निवाडा दिला, की केवळ मौजेखातर अशी सैर घडविणे बेकायदा आहे. एका वर्षाच्या मुदतीत या गाड्या बंद कराव्यात आणि गाडीवानांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाचा बंदोबस्त सरकारने करावा. तबेल्यांना महापालिकेचा परवाना नसल्याची बाबही न्यायालयासमोर आली होती. हुकूम झाला खरा, परंतु अंमलबजावणी रेंगाळली; आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ती माणसे, सरकारी दप्तरातून योजना बाहेर पडेपर्यंत, अधांतरी राहिली. घोड्याची सुटका हा त्या निवाड्याचा सोपा भाग होता. गाडीवानाची सोय हा अवघड भाग. माथेरानला तर ओढणारा प्राणी माणूसच होता, आणि तेथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी बॅटरीच्या रिक्षा आणाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये फर्मावावे लागले.

घोड्याची जागा विजेने घेण्याचा हा प्रकार मुंबईला नवा नव्हे. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुनी आणि बोरीबंदर ते पायधुनी अशा दोन मार्गांवर घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. आरंभी दोनशेच्या आसपास घोडे होते. कारभार आटोपला तोवर कंपनीच्या पागेतील त्यांची संख्या तेराशेवर गेली होती. एवढ्या घोड्यांचा दाणा, वैरण, नालबंदी आणि लीद यांचा व्याप ज्याच्या ध्यानात येईल त्याला, ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावू लागली तेव्हा कंपनीच्या हिशेबनिसांनी सोडलेला निःश्वास सहज ऐकू यावा. ती ट्राम पुढे ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली आणि तिच्यासाठी अश्रू ढाळणारे मुंबईकर अजून भेटतात. यात एक भेद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. १९०७ सालच्या विजेच्या ट्रामने घोड्याच्या ट्रामचे सोंग घेतले नाही. ती आपल्या रूपाने आली. आजची विजेची व्हिक्टोरिया जुन्या गाडीचा पेहराव करून येते. तोच गुंडाळता येणारा टप, तीच समोरासमोरची आसने, तीच पाय ठेवून चढण्याची पायरी, आणि लगामाच्या जागी स्टिअरिंगचे चक्र. हे सोंग मला प्रथमदर्शनी खटकले होते. परंतु टपाची ती जुनी ठेवण, बसणाऱ्याला सडकेपासून बेताच्या उंचीवर, उघड्यावर आणि मान वर करण्यास मुभा देऊन बसविते. तेव्हा जुन्या कारागिरांची ही युक्ती नव्या यंत्राने उसनी घेतली यात वावगे काही नाही.

विजेचा आणखी एक गुण असा, की ही गाडी जवळजवळ मूक आहे. डिझेलच्या बसमध्ये वाटाड्याला ध्वनिक्षेपक लागतो आणि तरीही निम्मे शब्द वाहून जातात. येथे पुढे बसलेला चालक मान किंचित वळवून बोलतो आणि मागच्या आसनावरच्या आजीबाईंनाही ते ऐकू येते. अर्थात मूकपणाचा उपद्रवही आहेच. कुलाब्याच्या गल्लीत मोबाइलात डोके घालून चालणाऱ्यांना मागून काही येते आहे याची दादच नसते, आमच्या चालकाला दर पन्नास पावलांवर भोंगा वाजवावा लागला, आणि एका गृहस्थांनी तर वळून, “घोडा कुठंय?” असे रागाने विचारले. “सुट्टीवर आहे, साहेब,” असे म्हणून चालक पुढे निघाला. हे उत्तर त्याने यापूर्वी पुष्कळदा दिले असावे.

सैरेचा आरंभ गेटवेपासून होतो आणि तेथे चालक पहिली हकीकत सांगतो ती खरी आहे: १९११ सालच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी येथे उतरले तेव्हा ही कमान अस्तित्वात नव्हती; बादशहाला पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवर समाधान मानावे लागले. जॉर्ज विटेट यांनी केलेला आराखडा मंजूर होऊन, पिवळसर बेसॉल्टची ही कमान पुरी होईपर्यंत १९२४ साल उजाडले, आणि पुढे अवघ्या चोवीस वर्षांत, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीकडे चालत गेली. स्वागतासाठी बांधलेल्या दरवाजाचा उपयोग निरोपासाठी व्हावा, हा इतिहासाचा विनोद येथे भाष्यावाचूनच कळतो.

दुसरी हकीकत मात्र साफ खोटी आहे, आणि ती सांगताना चालकाचा आवाज पहिलीपेक्षा अधिक रंगतो. ताजमहाल हॉटेल उलटे बांधले गेले, दर्शनी भाग समुद्राकडे व्हायचा तो शहराकडे झाला, आणि हे पाहून विलायती शिल्पज्ञाने आत्मघात केला, ही आख्यायिका मुंबईत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. वस्तुतः प्रवेश शहराच्या बाजूने ठेवणे हे योजनेबरहुकूमच होते, कारण गाड्या त्या बाजूने येत. आणि आराखड्याचे काम करणारे गृहस्थ विलायती नसून सीताराम खंडेराव वैद्य नावाचे आपल्याकडचे स्थापत्यविशारद होते, ज्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा यांनी काम केले आणि ज्यांच्या निधनानंतर चेंबर्स या इंग्रजाने ते पुरे केले. १९०३ सालच्या डिसेंबरात हॉटेल उघडले. मी हे चालकाला नम्रपणे सांगितले. त्याने ते तितक्याच नम्रपणे ऐकून घेतले आणि, “पण गोष्ट तीच चालते, साहेब,” असा धंद्यातला अभिप्राय दिला. ज्या शहरात मराठी माणसाचे नाव घेण्यावरून रोज एक सभा होते, त्या शहराने वैद्यांचे नाव एका काल्पनिक साहेबाच्या आत्महत्येखाली गाडून टाकावे, याचे मला नवल वाटत राहिले.

रीगल सिनेमा, त्यापुढे विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा वस्तुसंग्रहालयाचा घुमट (हाही विटेट यांचाच), आणि मग काळा घोडा. येथे एका इंग्रज राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ घोडा नसताना नाव टिकून राहिले, आणि २०१७ साली तेथे नवा घोडा उभारण्यात आला, स्वारावाचून. विजेच्या व्हिक्टोरियाला घोडा नाही आणि काळ्या घोड्याला स्वार नाही, अशी ही जोडी एका चौकात समोरासमोर येते तेव्हा हसू आवरत नाही.

खरी मौज येते ती ओव्हल मैदानाच्या कडेने गाडी हळूहळू निघते तेव्हा. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, किल्ल्याचे तट पाडले गेले आणि जी जागा मोकळी झाली तीवर जुने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय या इमारती एका रांगेत, पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या वेळी समोर मैदान आणि मैदानापलीकडे समुद्र होता. राजाबाई मनोऱ्याचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला. मुंबईत त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद यांनी, ज्यांनी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या सट्ट्यात अमाप संपत्ती मिळवली आणि १८६५ सालच्या मंदीत तितकीच गमावली; मनोऱ्याला नाव मिळाले ते त्यांच्या मातोश्रींचे. मनोरा २८० फूट उंच आहे ही गोष्ट शाळेतली मुलेही जाणतात. परंतु त्याच्या वरच्या अंगास, कोपऱ्याकोपऱ्यांवर, पश्चिम हिंदुस्थानातील नाना जातीजमातींच्या माणसांचे पुतळे उभे आहेत, हे किती मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे? ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इंजिनिअरने घडविले असे नमूद आहे. आमच्या चालकाने मैदानाच्या कठड्यालगत गाडी थांबविली, टप पूर्णपणे मागे टाकला आणि, “आता मान टाका मागं,” असे सांगितले. उतरत्या उन्हात मनोऱ्याची पश्चिम बाजू उजळलेली होती. प्रथम नुसती दगडी टोके दिसली, मग एकाची पगडी ओळखू आली, मग दुसऱ्याच्या अंगरख्याची घडी. साहेबाच्या गॉथिक मनोऱ्यावर पगडीवाल्यांची ही वस्ती, आणि तीही देशी इंजिनिअरच्या हातची. हे पाहण्यास थांबावे लागते, आणि या रस्त्यावर मोटार थांबविली तर पोलीस पावती फाडतो.

फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारचे हुतात्मा स्मारक येथे चालक आपण होऊन गप्प बसला, ते योग्यच झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलणाऱ्यांच्या जागेवर सैरेतील चुटके शोभत नाहीत.

दादाभाई नौरोजी मार्गाने गाडी पुढे गेली की मार्गाच्या शेवटी बोरीबंदर येते. स्टेशनाचे अधिकृत नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असले तरी चालकाच्या तोंडी जुनेच होते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ साली आरंभिलेले हे काम पुरे होण्यास दहा वर्षे लागली, आणि २००४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. फाटकाच्या खांबांवर एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस वाघ. सिंह विलायतेचा, वाघ इकडचा, आणि दोघांची उंची कटाक्षाने सारखी, एवढे औदार्य राज्यकर्त्यांनी दगडात दाखविले. भिंतीवरची पाने, फुले, मोर, माकडे ही सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातची. दर्शनी भागावर गोल चौकटींत जी मुखे कोरली आहेत त्यांत सर जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचीही आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी येथून ठाण्यास गेलेल्या पहिल्या आगगाडीमागे नानांचे श्रम किती होते हे जाणणाऱ्याने ती चौकट शोधल्यावाचून पुढे जाऊ नये. मात्र घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे. तेथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. तो स्वातंत्र्यानंतर काढून घेण्यात आला.

यानंतर परवान्यात लिहिलेला मार्ग मरीन ड्राइव्हकडे वळतो, आणि येथे माझा या सैरेच्या योजकांशी मतभेद आहे. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील गॉथिक इमारतींबरोबर पश्चिमेकडील आणि मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींनाही वारसास्थळांत घेतले, ते यथार्थच आहे. परंतु १९३० नंतरच्या त्या इमारती मोटारीच्या युगाच्या आहेत. त्यांचे गोल वळणारे कोपरे, भिंतीवरून आडव्या धावणाऱ्या रेघा, जहाजाच्या कठड्यासारखे सज्जे, हे सारे वेगाने जाणाऱ्या डोळ्यासाठी रचलेले आहे. तेथे बारीक कोरीव काम नाही, कारण ते पाहण्याइतका वेळ कोणी देईल असे त्या शिल्पज्ञांनी गृहीतच धरले नव्हते. शिवाय त्या रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटारी आपल्या मूक गाडीवर कर्कश भोंग्यांचा मारा करीत राहतात, आणि चालकाचे सारे लक्ष आपला जीव वाचविण्यात जाते. तेव्हा मरीन ड्राइव्ह पाहायचा तर टॅक्सीने, रात्री, खिडकी उघडी टाकून पाहावा. विजेच्या व्हिक्टोरियातून मी चर्चगेटपाशीच उतरलो, चालकाचे भाडे चुकते केले आणि ब्रेबॉर्न स्टेडियमखालच्या रुस्तमच्या दुकानात, दोन बिस्किटांमध्ये दाबून देतात ते आइस्क्रीम खाण्यास गेलो. व्हिक्टोरियाच्या प्रत्येक सैरेच्या शेवटी हा मुक्काम सक्तीचा करण्यास माझी हरकत नाही.